ओकच्या खोडातलं पातं

माझे सासरे आर्विड स्कार यांनी मला धनुष्य चालवायला शिकवलं, तेव्हा पहिले तीन आठवडे हातात बाणच दिला नव्हता. नुसती दोरी ओढायची, हनुवटीपाशी आणून धरायची आणि तशीच सावकाश परत न्यायची. खांदे भरून यायचे. "बाण कधी देणार?" असं विचारलं की म्हणायचे, "ज्याला मारायचंय त्याच्या मागे काय आहे, हे आधी बघायला शीक. बाण कुठे पळून चाललेत?"

मी नदीपलीकडची, आयोवाच्या शहरातली. लग्न होऊन विस्कॉन्सिनच्या या डोंगराळ खोऱ्यात आले, तोवर हरीण मी फक्त गाडीच्या दिव्यांत पाहिलं होतं. आर्विड मला चौदा वर्षं 'शहरवाली'च म्हणत आले. "शहरवाली, दार लाव. आपल्या चुलीनं अख्खं खोरं तापवायचं नाहीये." "शहरवाली, कॉफी केलीयस की बूट धुतलेस?" माझा नवरा नॉरिस म्हणायचा, मनावर घेऊ नकोस, ते आईशीही असंच बोलायचे. सासूबाई रागना आमच्या लग्नानंतर वर्षभरातच गेल्या होत्या, त्यामुळे ते खरं की खोटं, विचारायला कुणी नव्हतं.

पण धनुष्याच्या बाबतीत आर्विडसमोर अख्खं खोरं मान तुकवायचं. एकतीस वर्षं ते गावच्या सभागृहात वर्षातून दोनदा शिकाऱ्यांचा सुरक्षा वर्ग घेत होते. वर्गाचा दाखला नसेल तर नवख्याला परवाना मिळत नाही. आजूबाजूच्या निम्म्या घरांतली माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. नॉरिसही, मीही.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र आर्विड बदलले. एका सकाळी उठून पाहते तर माझ्या गाडीला बर्फाचे टायर बसवलेले. मी शाळेची बस चालवते, पहाटे निघावं लागतं. तर त्याआधी कुणीतरी फाटकापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ फावड्यानं ओढलेला. दर आठवड्याला डझनभर अंडी. नाताळात त्यांनी रागनाचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि निघून गेले. 'शहरवाली' बंद झालं. 'ट्वायला' म्हणायला लागले.

"तुझ्या बाबांना मी पसंत पडले शेवटी," मी नॉरिसला म्हटलं.

"म्हातारे होतायत ते," नॉरिस म्हणाला. पण त्यालाही बरं वाटलं होतं. आणि मला तर, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं होतं.

यंदा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमची नेहमीची गडबड सुरू झाली. हरणांचा धनुष्याचा मोसम सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो. त्याआधी कामं काय कमी असतात? हरणांना वास लागू नये म्हणून शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणात धुऊन स्वयंपाकघरापासून लांब वाळत घालायचे. ते आत येईपर्यंत घरात डुकराच्या मांसाच्या पट्ट्या तळायच्या नाहीत, म्हणजे नॉरिसचं तोंड उतरलेलं. धनुष्याच्या दोरीला मेण चोळायचं. कोठारामागे फोमचं हरीण उभं करून रोज संध्याकाळी वीस पावलांवरून, मग तीस पावलांवरून बाण मारायचे. आणि मचाणं तपासायची: पट्टे कुजलेत का, बोल्ट ढिले झालेत का, समोर नवीन फांद्या आल्यात का.

गुरुवारी सकाळी नॉरिस कामावर निघताना म्हणाला, "ओकवरचं मचाण बघून येशील? सोयाबीनच्या शेताच्या कोपऱ्यावर लावलेल्या कॅमेऱ्यात रोज हरणं येतायत. यंदा तिथंच बस तू."

"बाबा म्हणाले होते ना, ती फांदी सडलीय? गेल्या नोव्हेंबरपासून चढू देत नाहीयेत."

"अगं, तेच तर. मी काल खालून बघितली, फांदीला काही झालेलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, मचाण उतरवूनच टाकायचंय, गुडघा बरा झाला की मीच उतरवतो. त्यांचा गुडघा बरा होईस्तोवर नाताळ येईल."

आर्विडच्या गुडघ्याचं जूनमध्ये ऑपरेशन झालं होतं. काठी घेऊन कोठारापर्यंत जायचे, तेवढंच.

मी करवत, नवे पट्टे आणि पाण्याची बाटली घेऊन गेले. ते मचाण शिडीचं आहे: पंधरा फूट उंच लोखंडी शिडी, वर एका माणसापुरती जाळीची बैठक आणि पाठ टेकायला ओकचं खोडच. खालचे पट्टे बदलले. सुरक्षापट्टा अंगावर चढवून, दोराला अडकवून वर गेले. फांदी हलवून पाहिली. दगडासारखी घट्ट. चार बारक्या फांद्या कापल्या आणि समोरचं नीट दिसतंय का बघायला बैठकीवर बसून मागे टेकले.

पाठीत काहीतरी टोचलं. दोन्ही खांद्यांच्या मधे, किंचित डावीकडे.

खिळा असेल असं वाटलं. वळून हात लावला. बोटाच्या पेराएवढा लोखंडाचा तुकडा सालीतून बाहेर आला होता, गंजून तांबडा झालेला. बोट फिरवलं तर त्याला आटे होते.

खिळ्याला आटे नसतात. आमच्या बाणांच्या पात्यांना असतात. पात्याच्या मागच्या आट्यांवर बाणाची दांडी फिरवून बसवायची, पातं खराब झालं की फिरवून काढायची.

मी ते बघत राहिले. डोकं आपोआप एकेक पायरी चढत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. हे पातं आहे. खोडात पूर्ण शिरलंय, म्हणजे नेम धरून पूर्ण ताकदीनं सुटलेला बाण. दांडी मोडलेली नाही, मोडली असती तर तुकडा राहिला असता. म्हणजे कुणीतरी ही शिडी चढून वर आलं, जिथं मी आत्ता बसलेय तिथं बसलं, दांडी फिरवून काढली आणि घेऊन गेलं.

आणि कुणाला काही बोललं नाही.

चाकूनं कोरायला अर्धा तास लागला. हात घामानं निसटत होता. पातं निघालं ते तळहातावर घेतलं. तीन धारांचं, न उघडणारं, जुन्या धाटणीचं. नॉरिस आणि मी वापरतो ती पाती लागल्यावर उघडतात. आमच्या घरात तीन धारांची पाती एकच माणूस वापरतो, आणि दगडावर घासून धारही स्वतःच लावतो.

खाली कशी उतरले ते आठवत नाही. शेवटच्या पायरीवर सुरक्षापट्ट्याची कडी काढायची विसरले आणि दोराला लटकून गोल फिरले. मग गवतात बसले.

कधी झालं हे, ते शोधायला फार वेळ लागला नाही, कारण त्या झाडावर मी शेवटची बसले तो दिवस मला चांगला आठवत होता. आठवण्याचं कारण लाजेचं होतं. गेल्या ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. आर्विड वरच्या डोंगरधारेवर, नॉरिस ओढ्याकाठी, मी ओकवर. दहापर्यंत कुणी जागा सोडायची नाही, असं ठरलेलं. दव गोठून पांढरं झालं होतं. मी दुहेरी मोजे घालायला विसरले होते, पायांची बोटं बधिर झाली होती, आणि साडेसातला मी गुपचूप उतरून रस्त्यावर उभ्या गाडीत जाऊन बसले. हीटर लावून झोपले. दहाला उठून घरी गेले.

जेवताना नॉरिसनं विचारलं होतं, "काही दिसलं का?"

"कसलं काय! दहापर्यंत बसले. एक खार दिसली," मी म्हणाले होते. नाहीतर दोघांनी मिळून मला वर्षभर चिडवलं असतं.

तेव्हा आर्विडचा सूपचा चमचा वाटेतच थांबला होता. माझ्याकडे बघत राहिले होते. मला वाटलं, पकडलं यांनी. आता म्हणतील, शहरवाली, तुझे पाय शहरातच राहिले वाटतं. पण सूप अर्धं टाकून उठून गेले.

गवतात बसल्या बसल्या मी हात पाठीमागे नेऊन जिथं टोचलं होतं ती जागा चाचपली. मग तोच हात पुढे, छातीवर आणून ठेवला.

आर्विड रस्त्यापलीकडच्या जुन्या घरात राहतात. ते कोठारात होते, शनिवारच्या वर्गाची तयारी करत. टेबलावर चित्रांची कार्डं मांडलेली: हरणामागे घर, हरणामागे रस्ता, हरणामागे दुसरा शिकारी. 'मारावं की नाही?' असं विचारायची कार्डं. रेडिओवर बेसबॉलचा सामना चालू होता.

मी पातं कार्डांवर ठेवलं.

त्यांनी चष्मा काढला. पात्याला हात लावला नाही. रेडिओ बंद करायला हात लांब केला, तर बटण दोनदा चुकलं.

"कुठं मिळालं, असं विचारत नाही," ते म्हणाले.

"बरं करता."

"बस, ट्वायला."

"नको. आज बसून झालंय माझं."

बाहेर त्यांच्या कोंबड्या कुरकुरत होत्या. मला एकदम त्या कोंबड्यांचा राग आला.

"मोठा नर होता," ते म्हणाले. "उजव्या शिंगाला खाली काटा असलेला. तीन वर्षं आपण त्याच्या मागे होतो. आठच्या सुमाराला माझ्या खालून गेला, टप्प्याबाहेरून. वाटलं, गेला. मग मी उतरलो. एकतीस वर्षं लोकांना सांगतोय, ठरलेली जागा सोडायची नाही. उतरलो."

"पुढे."

"उतारावर चाळीस पावलांवर उभा राहिला. मी बाण सोडला. दोरीचा आवाज ऐकून तो खाली दबला आणि बाण पाठीवरून गेला. मग खालून टक् असा आवाज आला. लाकडात बाण गेल्याचा."

"मी तिथं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं. सकाळी मीच तुला ती जागा दिली." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "त्या वेळेला नव्हतं. त्या वेळेला मला फक्त शिंगं माहीत होती. झाडांना पानं होती अजून, ओक कुठला हे त्या बाजूनं ओळखू येत नाही... हे कारण म्हणून नाही सांगत. तू विचारलंस म्हणून."

"मग?"

"बाण शोधत खाली आलो. तर समोर शिडी. वर बघितलं. बाण खोडात, आणि बैठक रिकामी. मला वाटलं, तू पलीकडे पडलीस. झुडपात शोधलं. मग दवात तुझ्या बुटांचे ठसे दिसले, रस्त्याकडे गेलेले. तेव्हा ओकलो मी. तिथंच."

"आणि मग वर चढलात."

"दांडी काढली. पातं निघेना. मग बसूनच राहिलो." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "दहापर्यंत त्या झाडावर मी बसलो होतो, ट्वायला. तू नाही."

मला हसू फुटलं. का ते सांगता येणार नाही. मोठ्यानं, विचित्र, थांबेचना. आर्विड उठायला लागले, काठी खाली पडली, आणि मी "तिथंच थांबा!" म्हणून ओरडले, तेव्हा कुठे हसू थांबलं. चौदा वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता.

"ती दुपार आठवतेय मला," मी म्हणाले. "मी सांगितलं दहापर्यंत बसले होते. तुम्ही ऐकलंत. तुम्हाला कळलं की मी खोटं बोलतेय, आणि तुम्हाला ते सोयीचं झालं."

"हो."

"एप्रिलमध्ये वर्ग घेतलात."

"हो."

"हीच कार्डं दाखवलीत? यातलं हे?" मी दुसऱ्या शिकाऱ्याचं कार्ड उचलून त्यांच्यासमोर धरलं.

"हो."

त्यांच्या त्या 'हो'चा मला संताप येत होता. ते एकदा तरी 'नाही' म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

आणि मग मला दुसरी गोष्ट कळली. ती बाणापेक्षा जास्त लागली.

"बर्फाचे टायर?" मी विचारलं.

ते समजले. "हो."

"अंडी? दर आठवड्याला?"

"हो."

"शहरवाली म्हणणं सोडलंत, तेही त्यासाठीच?"

"तोंडातून निघेना गं."

"आणि कोट?"

"नाही." ते घाईनं म्हणाले. "कोट रागनानंच सांगून ठेवला होता. जायच्या आधी. ट्वायलाला दे म्हणून. मीच दिला नव्हता इतकी वर्षं. कपाटात बरा वाटायचा मला."

हे खरं असेल. खरंच असावं. पण मी तिथं उभी होते आणि मला आता त्यांच्या कुठल्याही गोष्टीतलं खरं-खोटं निवडता येत नव्हतं. पातं उचलून मी निघाले.

नॉरिस पाचला आला आणि कोठारामागे फोमच्या हरणावर बाण मारायला उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. बाबा उतरले, बाण सोडला, पातं मिळालं, मी बैठकीवर नव्हते कारण साडेसातलाच गाडीत जाऊन झोपले होते.

तो भुवया आखडून म्हणाला, "पण तू तर दहापर्यंत बसली होतीस ना?"

"नव्हते."

"मग तसं सांगितलंस कशाला?"

"नॉरिस."

"नाही, पण खोटं सांगायची काय गरज होती? थंडी वाजली तर वाजली म्हणायचं, त्यात..."

"नॉरिस! मी सांगितलं ते खरं असतं तर आज तुला ही बायको उरली नसती!"

हे ओरडून बोलले, तोवर मलाच त्याचा अर्थ नीट लागला नव्हता. पण त्याला लागला. त्यानं धनुष्य गवतात ठेवलं. कधीच ठेवत नाही तो, दोरीला ओल लागते म्हणून. माझ्या हातातलं पातं घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला.

"किती उंचीला होतं?" त्यानं विचारलं.

मी त्याचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला. तो हात त्यानं बराच वेळ काढला नाही. नंतर उठून रस्ता ओलांडून बापाच्या घरी गेला. मला वाटलं, आता आरडाओरडा ऐकू येईल. काही ऐकू आलं नाही. वीस मिनिटांनी परत आला.

"काय म्हणाले?"

"शनिवारी वर्गात सांगणार म्हणतायत. सगळ्यांसमोर. तू यावंस असं त्यांना वाटतं. नाही आलीस तरी सांगणारच आहेत."

"तू काय म्हणालास?"

नॉरिस म्हणाला, "त्यांची भांडी घासून आलो."

शनिवारी गेले. सगळ्यात मागे, भिंतीला पाठ लावून बसले. गुरुवारपासून मी कुठंही तशीच बसत होते. सभागृहात चोवीस-पंचवीस माणसं होती: नवी जोडपी, आईबापांबरोबर आलेल्या पोरी, आणि दर वर्षी उगाच कॉफी प्यायला येणारे तीन-चार म्हातारे. आर्विड काठी टेकत पुढे आले. कार्डं आणली नव्हती. पातं मात्र माझ्याकडून मागून घेतलं होतं, ते टेबलावर ठेवलं.

"हे पातं माझं आहे," ते म्हणाले, "आणि हे माझ्या सुनेच्या बसायच्या जागेमागून निघालं."

सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पाडला नाही. ओकल्याचं सांगितलं. दांडी काढून शेकोटीत जाळली, ते मला सांगितलं नव्हतं, ते तिथं सांगितलं. पातं काढायला नंतर दोनदा गेलो आणि शिडीखालूनच परत आलो, हेही.

शेजारच्या शेतातल्या पेट्रा वोल्डन उठून उभ्या राहिल्या. "आर्विड, एप्रिलमध्ये माझी नात तुझ्या वर्गात होती."

"होती."

"हे सगळं होऊन गेल्यावर?"

"होऊन गेल्यावर."

पेट्राबाईंनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. त्यांच्यामागून आणखी दोन घरची माणसं उठली.

कॉफीवाल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "जाऊ दे रे, आर्विड. कुणाकडूनही होऊ शकतं. देवाच्या दयेनं काही झालं नाही ना?"

तेव्हा आर्विडनी पहिल्यांदा टेबलावर हात आपटला. "कुणाकडूनही होत नाही! जागा सोडून उतरतो त्याच्याकडून होतं. आणि काही झालं नाही म्हणू नकोस. ती बघ मागे कशी बसलीय."

उरलेल्या सगळ्या माना वळल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एक पोरगी माझ्याकडे असं बघत होती, जणू मी मेलेली होते आणि आत्ताच परत आले होते. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

आर्विडनी शिकवण्याचं ओळखपत्र पाकिटात घालून सोमवारी परवाने देणाऱ्या खात्याकडे पाठवून दिलं. वर्ग पुढे शेजारच्या गावच्या बाईंनी घेतला.

मंगळवारी शाळा सुरू झाली. बस चालवताना माझ्या पाठीमागे चाळीस मुलं असतात. बारा वर्षांत मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या सकाळी पहिल्याच वळणावर कुणीतरी मागच्या बाकावर पाण्याची बाटली आपटली, टक्, आणि मी बस रस्त्याकडेला घेऊन थांबवली. "काही नाही, काही नाही," मुलांना म्हणत होते, आणि हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मागच्या बाकावरून "मिसेस स्कार, मी चुकून पाडली!" असं रडवेलं ओरडणं आलं, तेव्हा निघाले.

रविवारी नॉरिस आणि मी ओकवरचं मचाण उतरवायला गेलो. बोलावलं नसताना आर्विड शेताच्या कडेनं, काठी टेकत, थांबत थांबत आले. त्यांना अर्धा तास तरी लागला असेल. नॉरिस वर चढला तशी त्यांनी काठी टाकून दोन्ही हातांनी शिडी धरली. मी दुसऱ्या बाजूनं धरली होती. आमच्यात एक हात अंतर होतं. नॉरिस वरून "बोल्ट आला", "पाना द्या" एवढंच म्हणत होता. खोडात कोरलेल्या खड्ड्यातून रस आला होता आणि त्यावर मुंग्या होत्या. आर्विड त्या मुंग्यांकडे बघत होते.

मोसम उघडायच्या आदल्या दिवशी नॉरिसनं कोठाराच्या दारावर एक फळी ठोकली. फळीवर खोऱ्याच्या आमच्या बाजूचा नकाशा रंगवलेला, प्रत्येक मचाणाच्या जागी खिळा. जो जिथं जाईल त्यानं तिथं आपल्या नावाची पत्र्याची चकती अडकवायची. ती अडकलेली असेतो बाकीच्यांनी त्या बाजूला धनुष्य उचलायचं नाही. परत आल्यावर चकती काढायची, आणि जागा सोडायची असेल तर आधी फोन करायचा.

"हे तुला सुचलं?" मी विचारलं.

"बाबांना. मी फक्त रंगवलं."

आर्विडनी यंदा परवाना काढलाच नाही. धनुष्य त्यांनी विकलं की ठेवलंय, मी विचारलेलं नाही. पण उघडण्याच्या दिवशी, उजाडायच्या आत, आम्ही निघालो तेव्हा ते फळीसमोर घडीची खुर्ची टाकून बसलेले होते. मांडीवर गोधडी, हातात फोन.

मी ओढ्याकाठच्या मेपलवर बसले. ओकवर गेले नाही. तिथं आता काही नाहीच. नऊच्या सुमाराला एक मादी आली, पंचवीस पावलांवर आडवी उभी राहिली. मी दोरी ओढली, हनुवटीपाशी आणली, आणि तशीच सावकाश परत नेली. मादी पाणी पिऊन गेली.

साडेनऊला मी फोन करून सांगितलं की मला परत यायचंय, बसवत नाहीये.

"ये," आर्विड पलीकडून म्हणाले. "नॉरिस धारेवर आहे. त्याला सांगतो. ओढ्याच्या अलीकडून ये."

कोठारापाशी पोचले तर ते उभे होते. माझी चकती त्यांनीच खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली.

"काही दिसलं?"

"एक मादी. जमलं नाही."

"हं," ते म्हणाले. "थर्मासमध्ये कॉफी आहे."

"तुम्ही केलेली?"

"हो."

त्यांची कॉफी फार कडू असते. मी खुर्चीच्या बाजूला उलट्या पडलेल्या बादलीवर बसले, पाठ कोठाराच्या दाराला लावून, आणि अर्धा कप प्याले. माफ केलंय का, असं नॉरिस मला अधूनमधून विचारतो. मी त्याला सांगते, मला अजून कळलेलं नाही, कळलं की तुला पहिलं सांगेन. त्या दिवशी आम्ही दोघं नॉरिस धारेवरून उतरेपर्यंत तिथं बसून होतो, आणि आर्विड दर थोड्या वेळानं फळीकडे बघून त्याची चकती जागेवर आहे ना, ते पाहत होते.